पाचवं प्रकरण वगळणार नाही

नाना,

तुमच्या शोकसभेला धुळ्याला, देवपुरात आले होते. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, तुमच्या फोटोला हार होता, आणि बोलायला उठलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एक शब्द वापरला. अपूर्ण. नानांचं संशोधन अपूर्ण राहिलं. निवृत्तीनंतर एवढ्या जिद्दीने पीएच.डी.ला बसले, पण पुरी झाली नाही. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला रडू येण्याऐवजी राग येत होता. तुमचा प्रबंध पुरा होता. माझ्या टेबलावर होता. अपूर्ण काही असेल तर ते माझ्या बाजूचं होतं, आणि ते त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मार्गदर्शक म्हणून दोन शब्द बोला, असं म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. दोन शब्दांत उरकण्यासारखं ते नव्हतं.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आलात तेव्हा तोंडावर मास्क होता, हातात कापडी पिशवी होती. जळगावातली कॉलेजं नुकतीच पुन्हा उघडत होती, एका बाकावर एक असे विद्यार्थी बसत होते. मला वाटलं, नातीच्या प्रवेशासाठी कुणी गृहस्थ आलेत. तुम्ही खुर्ची दोन हात मागे घेऊन बसलात आणि सांगितलंत की पाणीपुरवठ्याच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून आयुष्य गेलं, निवृत्तीनंतरही कंत्राटी पद्धतीने साइटवर जातो, आणि आता प्रकल्पांच्या जोखमीवर संशोधन करायचं आहे. मी विचारलं, या वयात कशासाठी. तुम्ही म्हणालात, "एक तक्ता चुकला माझा. का चुकला ते शोधायचंय."

तो तक्ता तुम्ही पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलात. रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, काही गावांसाठी नळपाणी योजना व्हायची होती, तिचा. काम सुरू होण्याआधी असे तक्ते भरतात. काय काय बिघडू शकतं, बिघडायची शक्यता किती, बिघडलं तर उपाय काय. तुमच्या स्वच्छ अक्षरात सगळं होतं. पाईप वेळेवर न येणे. खोदाईत खडक लागणे. मजूर न मिळणे. मजूर न मिळण्यापुढे उपाय लिहिला होता, 'पर्यायी मजूर आणावेत'. साथीच्या आजाराचा रकाना नव्हता. खाली तुमची सही.

मी तुमची समजूत घातली. म्हटलं, महामारीचा रकाना तेव्हा बहुतेक कुणाच्याच तक्त्यात नव्हता, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. तुम्ही मान हलवलीत. चूक तिथे नाही मॅडम, असं म्हणालात, पण कुठे आहे ते त्या दिवशी सांगितलं नाहीत.

खरं सांगायचं तर मी मनातून खूश झाले होते. त्या काळात आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला महामारी हवी होती. शीर्षकात महामारी आणि शाश्वत विकास हे दोन शब्द घातले की निबंध वाचला जायचा. मीही एक लिहिला होता. घरात बसून ऑनलाइन फॉर्म पाठवले, उत्तरं आली, त्यांचे आलेख काढले. तुम्हाला मोठ्या अभिमानाने तो वाचायला दिला. पुढच्या मंगळवारी तुम्ही तो परत आणलात. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता, फॉर्म कोणाकोणाकडे पोचला? मी सांगितलं, अभियंते, कंत्राटदार, अधिकारी, सल्लागार. तुम्ही विचारलंत, मजूर? मी म्हणाले, मजुरांकडे कुठला ईमेल.

"म्हणजे ज्याच्याकडे रेंज, त्याचीच जोखीम," तुम्ही म्हणालात, आणि इतक्या सहज हसलात की मला रागावताही आलं नाही. तो निबंध अजून माझ्या नावावर आहे. मी तो पुन्हा उघडलेला नाही.

मग तुमचे मंगळवार सुरू झाले. धुळ्याहून सकाळची एसटी, पारोळा, एरंडोल करत अकराच्या आत तुम्ही दारात. माझी तिशीच्या आतली विद्यार्थी मंडळी तुम्हाला नाना म्हणू लागली, तुमच्या मुलीने, वर्षाने, पाठवलेले ज्वारीचे बिबडे माझ्या आधी त्यांच्या हातात पडायचे. प्रवेश परीक्षेला तुम्ही त्यांच्याच बरोबर बसला होता. आकडेमोडीचं सॉफ्टवेअर त्यांनी तुम्हाला शिकवलं, आणि तुम्ही त्यांना साइटवर नेऊन पाईपची जोडणी दाखवलीत. तुमची माझ्याशी पहिली मोठी वादावादी भाषेवरून झाली. प्रबंध मराठीत लिहिणार, असा तुमचा हट्ट. नियमात परवानगी होती, पण आमच्या विभागात कुणी लिहीत नव्हतं. मी म्हटलं, परीक्षक मिळणार नाहीत, निबंध बाहेर छापून येणार नाहीत. तुम्ही म्हणालात, ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना वाचून दाखवता आलं पाहिजे. मी तेव्हा मान्य केलं ते तुमच्या वयाकडे पाहून, पटलं म्हणून नव्हे. हेही कधी सांगितलं नाही.

तक्त्यातली चूक कुठे होती, ती गोष्ट तुम्ही दुसऱ्या वर्षी सांगितलीत, कॅन्टीनमध्ये, भर दुपारी, चहा पुढ्यात गार होत असताना.

लॉकडाऊन लागला तेव्हा तुम्ही त्याच साइटवर होता. चर खोदून झाला होता, काळे पाईप त्यात टाकले होते, जोडणी अर्धी झाली होती. चर खोदणारी माणसं सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. जामसिंग त्यांचा मुकादम. सगळी बायकामुलांसकट पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. कंत्राटदाराचा फोन लागेना. वरून तुम्हाला निरोप आला की मजुरांना जाऊ देऊ नका, आठ दिवसांत काम सुरू होईल. तुम्ही जामसिंगला म्हणालात, थांबा, मी सांगतोय ना. ते थांबले. मग पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. ज्या गावांना पाणी आणायला ही माणसं आली होती, तिथेच ती तहानेली राहिली. सायबीबाई नावाची बाई हंडा घेऊन गावातल्या हातपंपावर गेली, तर गावकऱ्यांनी तिला अडवलं. बाहेरची माणसं, आजार आणतील. तुम्ही चार पावलांवर उभे होता. तिने तुमच्याकडे पाहिलं.

"मी तोंडातून शब्द काढला नाही, मॅडम," तुम्ही म्हणालात. "मलाही त्याच गावात राहायचं होतं."

अकराव्या दिवशी ती सगळी माणसं डोंगराच्या दिशेने चालत निघाली. केळी भरून निघालेल्या एका ट्रकवाल्याला विनवून तुम्ही म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्यात बसवून दिलंत. बाकीचे पायी गेले. पुढे काम सुरू झालं तेव्हा त्या पाड्यावरून एक माणूस आला नाही. शेजारच्या पाड्यांवरूनही कुणी आलं नाही. जामसिंगने तुमचा फोन उचलला नाही. योजना रखडत गेली, आणि अहवालात कारण लिहिलं गेलं, महामारीमुळे मजूर टंचाई.

तुमचं पाचवं प्रकरण या एका वाक्याशी भांडत होतं. टंचाई आजाराने आणली नाही, हातपंपावरच्या त्या सकाळने आणली, असं तुमचं म्हणणं होतं. प्रकल्पाला कशाकशाचा धोका आहे ते आपण लिहितो, प्रकल्प आपला धोका कुणाच्या अंगावर ढकलतो ते लिहीत नाही. साथ आली की सगळे घाईने तक्त्यात एक नवा रकाना वाढवतात आणि शांत झोपतात. गावाबाहेर योजनेचा फलक होता, त्यावर 'शाश्वत' हा शब्द केवढ्या मोठ्या अक्षरांत होता, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत. पाईप पन्नास वर्षं टिकेल, पण तो पुरणारा माणूस परत यायला तयार नसेल तर शाश्वत काय उरलं, हा तुमचा प्रश्न होता. आजवर त्याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

आणि मी काय केलं? तुमचा मसुदा हातात घेऊन वाक्यं दुरुस्त केली.

तुम्ही लिहिलं होतं, 'मी त्यांना थांबायला सांगितलं.' मी लाल पेनने ते खोडून लिहिलं, 'मजुरांना थांबण्यास सांगण्यात आले.' तुम्ही लिहिलं होतं, 'मी गप्प बसलो.' मी ते अख्खं वाक्यच काढून टाकलं. संशोधकाने स्वतःविषयी लिहू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवते. तुम्ही ते पान बराच वेळ बघत राहिलात. चिडलात की तुमचं बोलणं अहिराणीत जायचं.

"बठ्ठं लिखेल शे मॅडम, पन माणूस कोठे शे?"

सगळं लिहिलंय, पण त्यात माणूस कुठे आहे? मग मराठीत म्हणालात की आयुष्यभर सरकारी कागदावर 'करण्यात आले', 'कळविण्यात आले' हेच लिहिलं, त्या भाषेत कुणीच कधी काही केलेलं नसतं. मीही आवाज चढवला. म्हटलं, हा प्रबंध आहे, कबुलीजबाब नाही. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला फार लागलं. माझ्या अब्बांनी इथल्याच एका डाळमिलमध्ये पोती वाहिली, हे मीच तुम्हाला कधीतरी सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, "मॅडम, तुमचे अब्बा कुठल्या रकान्यात बसतात?"

मी तुम्हाला जायला सांगितलं. त्यानंतर चार मंगळवार तुम्ही आला नाहीत आणि मी फोन केला नाही. त्या महिन्यात मी माझा तो जुना निबंध आठवून पाहिला. त्यात 'मनुष्यबळ' हा शब्द जागोजागी होता. अब्बा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर डाळीची पिवळी भुकटी बसलेली असायची. अम्मी आधी त्यांचं तोंड पुसायची, मग आम्हाला त्यांच्याजवळ जाऊ द्यायची. मनुष्यबळ. तुमचं बरोबर होतं, नाना. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पाचव्या मंगळवारी तुम्ही काही झालंच नाही असे दारात उभे राहिलात, पिशवी खाली ठेवलीत, आणि मी आकडेवारीबद्दल बोलायला लागले.

शेवटच्या मसुद्यावर मी शेरा लिहिला, 'प्रकरण पाच वगळावे, उरलेला प्रबंध सादर करण्यायोग्य.' तुम्ही तो वाचलात, चष्मा काढून पुसलात, म्हणालात, पुढच्या मंगळवारी ठरवू. त्या मंगळवारी तुम्ही आला नाहीत. अकराच्या सुमाराला वर्षाचा फोन आला. सकाळी एसटीला निघायच्या तयारीत होता, म्हणाली. छातीत दुखलं, पाणी मागितलंत, पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभेनंतर आठ दिवसांनी आमच्या संशोधन समितीने मला बोलावलं. वाईट माणसं नाहीत ती, तुमच्याविषयी सगळ्यांनाच आदर होता. अध्यक्ष म्हणाले की विद्यार्थ्याच्या पश्चात प्रबंध सादर करायची वाट काढता येईल, त्यांना पदवी मिळेल, त्यांचा सन्मानच होईल. फक्त, मॅडम, तुम्हीच शेरा दिलाय त्याप्रमाणे पाचवं प्रकरण वगळा. माझाच शेरा माझ्यापुढे ठेवला होता. माझंच अक्षर.

मी विचार करायला वेळ मागितला आणि दुसऱ्या दिवशी देवपूरला गेले. पांझरेच्या पुलावरून रिक्षा जाताना मनात ठरवत होते की वर्षाला कसं समजवायचं, पदवी महत्त्वाची नाही, विचार महत्त्वाचा आहे वगैरे. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, नानांना पदवी हवी होती. प्रवेश मिळाला त्या दिवशी पेढे आणले होते त्यांनी. मलाही त्यांच्या नावामागे डॉक्टर लागलेलं पाहायचंय. तिने चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली.

"पण ते प्रकरणासकट पाहायचंय, शबाना मॅडम. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याशी भांडलात. आता त्यांच्या बाजूने भांडा."

भांडले, नाना. समितीपुढे तुमचा तो पहिला तक्ता ठेवला. सांगितलं की ज्या माणसाने हा भरला, त्यानेच तो का चुकला हे लिहिलंय, अशी साक्ष आपल्या विषयात मिळते कुठे? अध्यक्ष म्हणाले, स्वतःची चूक कबूल करणं ही संशोधन पद्धती होत नाही. मी म्हटलं, मग घरात बसून ज्याच्याकडे मोबाईल आहे त्यालाच प्रश्न विचारणं ही कशी झाली? आपण सगळ्यांनी त्या दोन वर्षांत तेच केलं. मी केलं. माझा निबंध, सर, तुम्हीच विभागाच्या फलकावर लावला होता. त्यात चर खोदणारा एक माणूस नाही, आणि ते कुणाला खटकलं नाही. नानांना खटकलं. साथीने आपल्या संशोधनाचं काय केलं हे कुणाला शिकायचं असेल तर ते या प्रकरणात आहे, माझ्या आलेखांत नाही.

मग कोपऱ्यातल्या एका वयस्क सदस्याने सुचवलं की मार्गदर्शक लेखी जबाबदारी घेत असतील तर प्रबंध आहे तसा परीक्षकांकडे जाऊ द्यावा. अध्यक्षांनी मला बजावलं, परीक्षकांनी नाकारला तर सगळाच जाईल, पदवीही जाईल. वर्षाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, करा सही. मी केली. त्याच बैठकीत माझा जुना शेरा माझ्या हाताने रद्द केला आणि खाली लिहिलं, 'शेरा मी दिला होता. मी चुकले होते.' दोन्ही वाक्यांत मी आहे. नापास झालो तर आता दोघं होऊ.

एक काम उरलं होतं. पाचव्या प्रकरणाच्या वरच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, 'जामसिंगला वाचून दाखवल्याशिवाय छापू नये.' तुम्ही तिकडे दोनदा निघाला होता आणि दोनदा रावेरहूनच परत फिरला होता, हे वर्षाकडून कळलं. तोंड दाखवायची हिंमत झाली नसेल.

मी गेले. रावेरपर्यंत बसने, पुढे जीपने, शेवटचा चढ पायी. जामसिंग आता थकलाय, पण तुमचं नाव सांगताच त्याने ओळखलं. तुम्ही गेल्याचं ऐकून त्याने खाट बाहेर टाकली. सायबीबाई दारात येऊन बसली. मी वाचलं. मराठीतलं जे त्यांना अडत होतं ते त्याचा मुलगा त्यांच्या बोलीत सांगत होता. हातपंपाचा भाग आला तेव्हा सायबीबाई मुलाला म्हणाली, ते परत वाच म्हणावं. मी 'मी गप्प बसलो' हे वाक्य परत वाचलं. तिने मान हलवली आणि ती आत निघून गेली. माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. तुम्ही विचारू नका.

मग जामसिंगने मला थांबवलं. तुम्ही लिहिलंय की ते तुमच्या शब्दावर अकरा दिवस थांबले. तो म्हणाला, हे खोटं आहे.

मी दचकले. तो म्हणाला की साहेबांच्या शब्दावर कोण थांबतं, कंत्राटदार पळाला तेव्हाच आम्हाला सगळं कळलं होतं. पण चर शाळेच्या दारावरून गेला होता, पुरुषभर खोल. उघडा टाकून गेलो असतो तर कुणाचं लेकरू नाहीतर वासरू त्यात पडलं असतं. म्हणून आम्ही थांबलो. पाईपांची तोंडं गोणपाटाने बांधली आणि शाळेपासून टाकीपर्यंत चर बुजवून टाकला. काम बंद होतं, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघायला नव्हतं. साहेब त्यातले बरेच दिवस खोलीत तापाने पडून होते.

"हातपंपावर आम्हाला हाकललं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आम्ही माती ओढत होतो," तो म्हणाला. "हे लिहिलंय का त्यांनी?"

लिहिलेलं नव्हतं. मी सगळी पानं उलटून पाहिली. तुम्हाला ठाऊकच नव्हतं; चर गावाने बुजवला असं धरून चालला असाल. अपराध स्वतःच्या डोक्यावर घ्यायच्या नादात तुमच्या लिहिण्यात तुम्ही त्या माणसांना नुसतं थांबवून ठेवलंत, नाना. त्यांनी त्या दिवसांत काय केलं, हे विचारायला तुम्ही गेलाच नाहीत, आणि मी तर तुमच्याइतकाही विचार केला नव्हता. उतरताना मला तुमचा राग आला, आणि तुम्ही समोर नाही याचाही. हा वाद आपण दोघांनी कॅन्टीनमध्ये बसून घालायला हवा होता.

प्रबंध काल छापायला दिला. तुमचा एकही 'मी' खोडलेला नाही. पण तुम्हाला न विचारता पाचव्या प्रकरणात, 'मी त्यांना थांबायला सांगितलं' या तुमच्या वाक्याच्या खाली, टीप म्हणून एक वाक्य माझ्या नावाने घातलं आहे: 'जामसिंग, सायबीबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी, कुणीही सांगितलेलं नसताना, शाळेच्या दारातला चर बुजवला.'

ते काढायला समिती सांगू दे, परीक्षक सांगू दे. तुम्ही सांगितलंत तरी मी काढणार नाही.

शबाना